पावसाआधीचा सल्ला: जांभ्याच्या उतारावरची माती राखा

लडाख-स्पितीत खडक फोडायचे काम बर्फ करतो. फटीत शिरलेले पाणी रात्री गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि हे वारंवार घडले की मोठा धोंडाही दुभंगतो. गोव्यात पारा शून्याच्या जवळपासही येत नाही. तरी सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांत खडक खोलवर कुजलेला आहे, कारण इथे ते काम पाणी, ऊन आणि मुळे करतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन हे पाणी किंचित आंबट होते आणि खडकातले कॅल्शियम, पोटॅश, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकाही विरघळवून नेते. मागे उरते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा.

म्हणूनच आपली माती आंबट असते आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून अडकतो. नुसते खत वाढवून उपयोग नाही. मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात देऊन सामू (आंबटपणाचे माप, पीएच) तपासून घ्या आणि तिथे सांगतील तेवढाच चुना किंवा डोलोमाइट पसरा. चुना आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र हवेत उडून जाते. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आंबट मातीत रॉक फॉस्फेट चांगले लागू पडते. पोटॅश मात्र एकदम घालू नका, मुसळधार पावसात ते वाहून जाते. हप्ते करा.

नव्या काजूसाठी खड्डे अजून खणले नसतील तर आताच खणा. साधारण ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल. कातळ कडक असेल तर एक मीटरपर्यंत. खड्ड्याच्या तळाला कातळाचा अखंड थर लागला तर पहारीने तो फोडलाच पाहिजे. नाहीतर पावसात तिथे पाणी तुंबते आणि कोवळी मुळे कुजतात. फोडलेला तळ उन्हात तापू द्या.  वरची काळी माती वेगळी ठेवून शेणखतासह तीच खड्ड्यात भरा. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला.

पालापाचोळा जाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बेणणी करून उतार साफ केला आणि पाला पेटवला की बाग देखणी दिसते, पण पावसाचा पहिला मारा थेट मातीवर बसतो. जी माती व्हायला हजारो वर्षे लागली, तिचा वरचा कसदार थर एका पावसाळ्यात ओहोळात जातो. पाला झाडाच्या बुंध्याभोवती पसरा. समपातळीवर चर काढा, पण ज्या उताराला भेगा आहेत तिथे चरांत पाणी साठवू नका, ते बाजूला काढून द्या.

जांभ्याच्या कडक थराखाली बहुधा मऊ, चिकट माती असते. रस्त्यासाठी किंवा मांगरासाठी (शेतातल्या खोपीसाठी) पायथा उभा कापला, की पावसात ती भिजून ढिली पडते आणि वरचा कातळ आधार सुटून खाली येतो. या दिवसांत उतार कापूच नका.

खाजनातल्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतातल्या) शेतकऱ्यांनी बांधाचे चिरे (जांभ्याचे घडीव दगड) हाताने चाचपून पाहावेत. खारे पाणी चिऱ्याच्या छिद्रांत सुकते, मिठाचे खडे वाढतात आणि दगड आतून फोडतात. बर्फ लडाखात करतो तेच काम इथे मीठ करते. भुगा सुटत असेल तो चिरा बदला, खेकड्यांची बिळे बुजवा, मानसीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) फळ्या नीट बसतात का पाहा. हे उधाणाच्या भरतीआधी झाले पाहिजे.

विहिरीच्या कठड्यात उगवलेला पिंपळ किंवा वड अजून बोटाएवढा असेल तर मुळासकट काढा. मोठा झाला असेल तर ओढू नका, चिरे निखळतील. कापून घ्या आणि मूळ मरू द्या.

संततधार पावसात उताराच्या माथ्यावर ताजी भेग दिसली, झाडे तिरकी झाली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर पायथ्याची गुरे लगेच सोडवून दुसरीकडे न्या, मांगरात कोणी झोपू नये, आणि पंचायतीला व ११२ वर कळवा.