दस्तऐवजांवर आधारित निबंध: इतिहासाच्या पेपरात कसा लिहावा

पाच-सात उतारे, एखादं व्यंगचित्र, एखादा तक्ता समोर ठेवून ‘यांच्या आधारे उत्तर लिहा’ असा प्रश्न आला की बहुतेक मुलं ‘दस्तऐवज १ मध्ये असं म्हटलं आहे, दस्तऐवज २ मध्ये तसं म्हटलं आहे’ असं ओळीने लिहीत सुटतात. हा सारांश झाला, निबंध नव्हे. परीक्षकाने ते उतारे आधीच वाचलेले असतात. त्याला तुमचं म्हणणं हवं असतं.

अभ्यास झालेला आहे असं धरून सांगतो. उदाहरणासाठी एक प्रश्न घेऊ: ‘ब्रिटनमधला १८३३ चा कारखाना कायदा कितपत माणुसकीच्या भावनेतून आला?’ (गिरण्यांतल्या मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा हा कायदा.)

१. आधी प्रश्न, मग कागद. ‘कितपत’ विचारलंय, म्हणजे प्रमाण ठरवावं लागणार. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ चालणार नाही. उतारे उघडण्याआधी या काळाबद्दल जे आठवतं ते समासात टिपून ठेवा: १८३२ चा संसदीय सुधारणा कायदा, १८३३ मधलाच गुलामगिरी रद्द करणारा कायदा, यॉर्कशायरच्या गिरण्यांतल्या मुलांची तुलना गुलामांशी करणारं सुधारक रिचर्ड ओस्टलरचं १८३० चं पत्र. उतारे वाचल्यावर डोकं त्यांच्यातच अडकतं आणि बाहेरचं काही सुचत नाही, म्हणून हे आधी.

२. गट पाडा. मुद्द्यांप्रमाणे पाडा, उताऱ्यांच्या क्रमाने नव्हे.

३. प्रतिपादन दोन वाक्यांत लिहा. उदाहरणार्थ: ‘मुलांच्या हालांबद्दलच्या संतापामुळे कायदा करणं भाग पडलं. मात्र त्याचं रूप ठरलं ते मोठ्यांच्या कामाच्या तासांना हात लागू न देण्याच्या मालकांच्या आग्रहामुळे.’ यावर वाद घालता येतो, म्हणून हे प्रतिपादन. ‘या कायद्यामागे अनेक कारणं होती’ या वाक्यावर कुणी वाद घालू शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी.

४. कागद बोलता करा. सगळा पेपर इथे ठरतो, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ हीच पायरी जमायला लागला. क्लासमध्ये सांगतात, ‘लेखक पक्षपाती आहे का ते लिहा.’ हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याने नुकसानच होतं. मुलं ‘हा लेखक पक्षपाती असल्याने उतारा विश्वासार्ह नाही’ असं लिहून पुढे जातात, म्हणजे हातातला पुरावा आपणच फेकून देतात. पक्ष नसलेला कागद मिळत नाही. तो पक्ष तुमच्या मुद्द्याबद्दल काय सांगतो, एवढंच विचारायचं.

कोण बोलतंय, कुणासमोर बोलतंय, त्या घडीला त्याला काय हवंय, हे तीन प्रश्न सगळ्यांना पाठ असतात. गुण चौथ्याला असतात: मग माझ्या प्रतिपादनाचं काय?

समजा, एका उताऱ्यात गिरणी कामगाराची १८३२ च्या संसदीय समितीपुढची साक्ष आहे. समितीचा अध्यक्ष मायकेल सॅडलर. कामाचे तास दिवसाला दहावर आणणारं विधेयक त्यानेच आणलेलं होतं. साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, आणि आपली बाजू ऐकलीच नाही अशी मालकांची तक्रार होती. कच्चं उत्तर इथेच थांबतं: ‘म्हणून साक्ष एकांगी.’ पक्कं उत्तर असं जातं: ‘विधेयक संमत व्हावं म्हणून घेतलेल्या या साक्षींत हालांची निवडक उदाहरणं असणार. पण खासदारांना हलवण्यासाठी समितीने मुलांचे हाल इतके पुढे आणले, यावरून संसदेत कोणता युक्तिवाद चालेल असं सुधारकांना वाटत होतं ते दिसतं.’ आता तोच एकांगीपणा तुमच्या प्रतिपादनाचा आधार झाला.

उलट बाजूचा कागद तर आणखी मोलाचा. मालकांच्या दबावामुळे १८३३ मध्ये शाही आयोग नेमला गेला, आणि त्या आयोगानेही मुलांच्या तासांवर मर्यादा घालायला सांगितलं. ज्याच्याकडून ही कबुली अपेक्षित नव्हती त्याने ती दिली, म्हणून तिचं वजन जास्त. हे कारण उत्तरात शब्दांत लिहा. परीक्षक ते तुमच्या वतीने जोडणार नाही.

तारखेवर डोळा ठेवा. गिरणीतली मुलं आनंदात असतात असं सांगणारं, कारखाना पद्धतीचा समर्थक अँड्र्यू यूर याचं लिखाण १८३५ चं आहे. ते १८३३ च्या कायद्याचं कारण म्हणून वापरलंत तर पूर्ण परिच्छेद कोसळतो. कायद्यानंतरही विरोध टिकून होता, हे दाखवायला मात्र ते उत्तम. म्हणून उताऱ्याच्या डोक्यावरची नाव, साल, ठिकाण सांगणारी ओळ आधी वाचा.

आणि हेतू मनाने रचू नका. ‘त्याला पैसे मिळाले असतील’ हा पुरावा नव्हे.

सगळ्या कागदांवर ही मेहनत करायची नाही. अमेरिकेतल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळकरी मुलांसाठीची महाविद्यालयीन पातळीची) इतिहासाच्या परीक्षेत अशा प्रश्नाला सात दस्तऐवज असतात. त्यांतले किमान चार युक्तिवादासाठी वापरले की दस्तऐवजांच्या पुराव्याचे पूर्ण गुण मिळू शकतात, आणि लेखक-हेतूचं असं विश्लेषण किमान दोन कागदांचं लागतं. माझं मत असं की तीन करा, एखादं फसलं तरी दोन उरतात. हे विश्लेषण त्या त्या मुद्द्याच्या परिच्छेदातच गुंफा. शेवटी वेगळा ढीग केला की ते युक्तिवादापासून तुटतं.

५. लिहा. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत काळाची पार्श्वभूमी, मग प्रतिपादन, मग गटांप्रमाणे परिच्छेद. लांब अवतरणं नकोत. चार-पाच शब्द उचला आणि कंसात दस्तऐवजाचा क्रमांक द्या. मुद्द्याला छेद देणारा उतारा लपवू नका. कायद्याने नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि चार निरीक्षक नेमले, पण मोठ्यांचे तास तसेच राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या की ‘कितपत’चं उत्तर आपोआप तयार होतं.

६. वेळ. एपीमध्ये ६० मिनिटं मिळतात, त्यातली १५ वाचनासाठी सुचवलेली असतात. ती १५ पूर्ण वापरा. शेवटच्या पाच मिनिटांत जिथे जिथे दस्तऐवजाचा क्रमांक दिलाय तिथे बोट ठेवा आणि पुढच्या वाक्यात ‘यावरून’ किंवा ‘म्हणून’ आलंय का ते पाहा. नसेल तर समासात एक वाक्य घाला.