पहाटे ३ ची झोप रात्री ११ वर कशी आणावी

ज्यांना मध्यरात्र उलटल्याशिवाय झोपच येत नाही, त्यांना ‘लवकर झोपा’ असे सांगण्यात काहीच अर्थ नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीराचे घड्याळ माणसाला सर्वाधिक जागे ठेवते. त्यामुळे पहाटे ३ ला झोपणाऱ्याने ११ ला अंथरुणाला पाठ टेकली, तर तो कूस बदलत पडून राहतो आणि हळूहळू त्याला अंथरुणाचीच धास्ती वाटू लागते. झोप ओढूनताणून आणता येत नाही, घड्याळ मात्र सरकवता येते.

आधी सुट्टीचे निदान दहा दिवस गजर बंद ठेवून, झोप किती वाजता लागली आणि जाग किती वाजता आली, हे रोज वहीत लिहावे. पहिल्या तीन-चार दिवसांत साचलेली झोप भरून निघते, म्हणून त्या नोंदी सोडून द्याव्यात. उरलेल्या नोंदींतली जागेची सरासरी वेळ ही आपली खरी जागेची वेळ होय.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे, आणि बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये हजारो पेशींचा एक पुंजका असतो. तेच आपले मुख्य घड्याळ. माणसांत त्याचा फेरा सरासरी २४ तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून मोकळे सोडले तर ते रोज थोडे उशिरा सरकते आणि डोळ्यांवाटे जाणारा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. मात्र तोच उजेड कोणत्या वेळी मिळतो, यावर घड्याळ कोणत्या दिशेला सरकणार हे ठरते. शरीराचे तापमान रात्री उतरत जाते आणि आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी तळ गाठते. तळानंतर मिळालेला उजेड घड्याळ लवकरच्या वेळेकडे आणतो. तळाआधी मिळालेला उजेड ते आणखी उशिरा ढकलतो.

‘पहाटे उठून उजेडात फिरा’ हा सल्ला मी निष्ठेने पाळला होता. त्या काळात मला ३ ला झोप लागे आणि ११ ला जाग येई, म्हणजे तापमानाचा तळ सकाळी ८ ते ९ च्या सुमारास होता. मी ६ चा गजर लावून लख्ख उजेडात तासभर चालत असे. आठवडाभरात झोप लवकर येण्याऐवजी ४ वर गेली आणि मी स्वतःच्या निश्चयाला दोष देत राहिले. खरे पाहता माझ्या शरीराच्या हिशेबी ६ वाजता अजून रात्रच होती आणि मी तिच्या ऐन मध्यावर उजेड ओतत होते. शिवाय गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, तर स्वप्नांची रेम झोप उत्तरार्धात वाढत जाते. त्यामुळे त्या गजराने माझी रेम झोपच मुख्यतः कापली जात होती. तळाच्या आसपास जागे केलेल्या माणसाला गुंगी आवरत नाही, याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

तेव्हा उजेडाची सुरुवात खऱ्या जागेच्या वेळीच करावी, त्याआधी मुळीच नाही. तळाच्या आसपास उजेडाचा परिणाम सर्वाधिक तीव्र असतो, त्यामुळे तासाभराची चूकही महागात पडते. जाग येताच अर्धा तास घराबाहेर घालवावा. घरातल्या दिव्यांचा उजेड सहसा काही शे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारो लक्स असतो. खिडकीत बसणे हा त्याला पर्याय नाही. सूर्याकडे टक लावून पाहू नये. तळाआधी बाहेर पडणे भागच असेल, तर गडद चष्मा लावावा आणि तोवर खोलीतही जाड पडदे ओढलेले ठेवावेत. दृष्टिपटलाचा विकार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

मग दर दोन दिवसांनी गजर आणि उजेड दोन्ही अर्धा तास अलीकडे आणावेत. माझ्या मते याहून घाई करू नये, कारण गजर घड्याळाच्या पुढे पळाला की उजेड पुन्हा तळाआधी पडू लागतो. या गतीने चार तासांसाठी सोळा दिवस लागतात. दोन दिवसांनीही त्या वेळेला उठणे जड जात असेल, तर आणखी दोन दिवस तिथेच थांबावे.

झोपेआधीचे दोन तास दिवे मंद ठेवावेत आणि दुपारनंतर कॉफी घेऊ नये. मेलाटोनिनची, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाची, गोळी ऐन झोपताना घेण्याची पद्धत मला चुकीची वाटते. घड्याळ सरकवण्यासाठी तिची वेळ काही तास आधीची असते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवून द्यावी.

घोरताना श्वास अडकत असेल किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग आवरत नसेल, तर दोष घड्याळाचा नसून स्लीप अ‍ॅप्नियासारख्या विकाराचा असू शकतो; तेव्हा आधी तपासणी करून घ्यावी.

वेळ जमल्यावर सुट्टीच्या दिवशीही गजर हलवू नये. एखाद्या रात्री जागरण झालेच, तरी उठायची वेळ तीच ठेवावी आणि दुपारी ३ च्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्यावी.