सतरा ड्रॉइंगं आणि पहिला घाणा

2018 च्या सप्टेंबरात माझ्याकडे चकलीच्या सोऱ्याची 17 ड्रॉइंगं होती आणि सोऱ्या एकही नव्हता. भोसरी एमआयडीसीत 14 वर्षं कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रभागांची ड्रॉइंगं काढत, बसलेला माणूस मी. नोकरी सांभाळून स्वतःचा छोटा धंदा काढायचा, स्टीलचा आट्यांचा सोऱ्या बनवून विकायचा, एवढा साधा बेत होता. 2017 च्या जानेवारीत आर-1 काढलं (आर म्हणजे रिव्हिजन, ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती). त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन 19 ऑक्टोबरला होतं, तेव्हा मी आर-9 वर होतो. सोबत तीन वर्षांच्या नफ्याची एक्सेल शीट, नावांची यादी (43 नावं, त्यातली दोन संस्कृत), आणि एक सादरीकरण. त्याच्या पहिल्या पानावर लिज्जतची गोष्ट टाकली होती: 15 मार्च 1959, गिरगावातल्या सात बायका, 80 रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्या पानाचा फॉन्ट ठरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नाही.

गणपती झाल्यावर मावशीचा फोन आला. "अरे, एक दिवाळी गेली, दुसरी तोंडावर आली. तुझा सोऱ्या येणार नसेल तर मी तुळशीबागेतनं घेऊन येते." मी म्हटलं, दसऱ्याला देतो. बोलून गेलो आणि अडकलो. दसरा 18 ऑक्टोबरला होता.

तुम्हालाही माझ्यासारखा कागदावरच सुधारत बसायचा आजार असेल, तर पहिला उपाय हाच. तारीख स्वतः ठरवू नका. स्वतः ठरवलेली तारीख आपण स्वतःच पुढे ढकलतो, आणि ढकलताना कारणही झकास देतो. दिवाळी ढकलता येत नाही. शाळा सुरू होण्याचा दिवस, गावची जत्रा, कुणाच्या घरचं लग्न, अशी दुसऱ्याच्या हातातली तारीख पकडा आणि एका माणसाला तोंडानं शब्द देऊन टाका. तो माणूस थोडा फटकळ असेल तर उत्तम.

दुसरा उपाय मला चौदा वर्षं डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता. आमच्या बहुतेक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ असते: ज्या मापांना टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती सूट) दिलेला नाही, त्यांना आयएसओ 2768 हे आंतरराष्ट्रीय मानक, मध्यम वर्ग लागू. म्हणजे 30 ते 120 मिलिमीटरमधलं माप अधिक-उणे 0.3 मध्ये आलं की पास. अख्ख्या पार्टवर तीन-चार मापंच अशी असतात की जिथे शतांश मिलिमीटर मोजायचे. नवखा ड्राफ्ट्समन सगळ्याच मापांना कडक टॉलरन्स लावतो, आणि लेथवाला तिप्पट दर सांगतो किंवा कागद परत देतो. नवख्या पोरांना हे मीच शिकवायचो. स्वतःच्या धंद्याला मात्र नावापासून खोक्याच्या रंगापर्यंत मी सगळीकडे 0.02 लावून ठेवलं होतं.

तर एक कोरा कागद घ्या आणि धंद्याची सगळी "मापं" लिहून काढा. माझ्या कागदावर 31 निघाली. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे चुकलं तर कुणाला इजा होईल का, कायदा मोडेल का, की नुसती माझी लाज जाईल? लाजेची सगळी मापं मध्यम वर्गात ढकला. माझ्याकडे कडक मापं तीनच उरली.

एक, पिठाला लागणारं स्टील 304 या ग्रेडचंच हवं. (चुंबक लावून 304 ओळखता येतं असं दुकानदार सांगतात. स्वस्तातल्या 202 ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. मी पत्रा बिलासकट घेतला आणि थेंब टाकून रंग बघायची जी टेस्ट असते ती करून घेतली.) दोन, चकतीला बर नको. लेझरनं चांदणी कापली की खालच्या कडेला धातूची बारीक कूस राहते, ती सुटली तर थेट चकलीत. तीन, ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला बिल आणि माझा फोन नंबर. बस्स. मूठ, पॉलिश, नाव, खोकं, वेबसाइट, सगळं अधिक-उणे 0.3.

कायद्याचं माप कडक ठेवा म्हणतो, पण त्याच्या आडही लपता येतं, हे मी केलंय. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात तेव्हा वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नव्हती, 1 एप्रिल 2019 पासून ती मर्यादा 40 लाख झाली. राज्याबाहेर माल पाठवायला लागलात की हिशेब बदलतो. पाच सोऱ्यांसाठी मी दोन सीएंना भेटून आलो होतो. उलट आज कुणी भांड्यांच्या धंद्यात उतरणार असेल तर त्यानं आधी बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरो) चौकशी करावी, कारण स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्हाचा आदेश केंद्र सरकारनं 2024 मध्ये काढला. आपली वस्तू त्यात बसते का, हे त्यांनाच विचारावं. त्यावर महिना घालवायचा नाही.

पैशांचं: "किती मिळतील" ही शीट बंद करा. "किती बुडाले तर मला रात्री झोप लागेल" हा एकच आकडा लिहा. माझा 5000 होता. त्यात पाच नग बसत होते, म्हणून पाच. पन्नास केले असते तर नगाचा भाव उतरला असता, हे बरोबर आहे. पण मग पन्नास वेळा तीच चूक केली असती.

लेथच्या मिस्त्रींकडे आर-17 घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि विचारलं, "साहेब, बनवायचंय की फ्रेम करायचंय?" दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट मी 0.05 मिलिमीटर ठेवली होती. सतरातल्या अकरा रिव्हिजन त्या एका फटीसाठी होत्या. फट कमी, तर पीठ मागे येणार नाही, असा माझा सिद्धान्त. ते म्हणाले, जमेल, पण वेळ लागेल. पाच नगांचे, लेझर आणि वेल्डिंग धरून, 4600 झाले.

दसऱ्याच्या आदल्या रात्री मावशीच्या ओट्यावर पहिला घाणा पडला. काटे सुरेख आले. मग तिनं पुन्हा पीठ भरायला दट्ट्या वर ओढला, आणि उरलेलं पीठ दट्ट्याला चिकटून फस्सकन बाहेर. फट इतकी कमी होती की आत हवा जायला वाट नव्हती. माझ्या अकरा रिव्हिजननी मेहनत करून तो दोष घडवला होता. दुसरी गोष्ट, तेलकट हातात नळी दांड्याबरोबर गरगर फिरत होती, कारण दिसायला छान म्हणून मी ती गुळगुळीत ठेवली होती. धरायला कान हवेत, हे सतरापैकी एकाही कागदावर नव्हतं. मावशी पाच मिनिटांत म्हणाली, "ह्याला धरायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी कानशीनं दट्ट्याच्या कडेला एक खाच पाडली. चार मिनिटांचं काम. बाकीच्या चार नगांना मिस्त्रींनी दोन कान वेल्ड करून दिले, पैसे घेतले नाहीत, पण एक सोऱ्या ठेवून घेतला.

इथे एक पथ्य सांगतो, ते कडक माप समजा. दाखवायला नेऊ नका, विकायला न्या. "कसा वाटला?" विचारलं की आपल्याकडची माणसं "छानच हो" म्हणतात, चहा देतात, आणि आपण खूश होऊन घरी येऊन आर-18 काढतो. "650 रुपये" म्हटलं की खरं बोलणं सुरू होतं. मावशीकडूनही घेतले. तिला राग आला, पण 650 मोजल्यावर तिनं जेवढ्या तक्रारी सांगितल्या, तेवढ्या फुकट दिला असता तर सांगितल्या नसत्या. चार नग विकले, 2600 आले, 2000 गेले. झोप लागली.

सवय मात्र जात नाही. अजूनही रविवारी दुपारी हात माउसकडे जातो. त्यावर मी एक कुलूप घातलंय. ड्रॉइंगच्या वरच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता असतो. माझ्या पहिल्या सतरा ओळींत "बदलाचं कारण" या रकान्यात एकच शब्द होता: सुधारणा. आता नियम असा, की त्या रकान्यात पैसे दिलेल्या माणसाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिता आलं तरच फाइल उघडायची. वाक्य नसेल तर गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडायचं. तुमच्या धंद्यात ड्रॉइंग नसेल, मेनूकार्ड असेल, क्लासचा अभ्यासक्रम असेल, हा रकाना कुठेही आखता येतो.

आर-17 नंतरच्या तक्त्यातल्या काही ओळी:

आर-18: "ह्याला धरायचं कुठे?"

आर-19: "शेवेची चकती नाही दिली?"

आर-20: "दांडा फिरवताना बोटं नळीवर आपटतात."

आर-21: "तारेच्या घासणीचे तुकडे चांदणीत अडकतात हो, दिसत पण नाहीत." ही ओळ लिहिली त्याच संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो.