बर्फात कोंबड्या पाळताय? आधी खुराड्यातली ओल घालवा

गावाकडे आमच्या आजीचं थंडीतलं नियोजन म्हणजे संध्याकाळी कोंबड्यांवर डालगं पालथं घालायचं, वर दगड ठेवायचा, विषय कट. इथे अमेरिकेत, मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 25 ला जातो, म्हणून पहिल्या वर्षी मी घाबरून खुराड्याची एकूण एक फट बुजवली. तीन आठवड्यांत एका कोंबडीच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. त्यात थंडीपेक्षा ओलीचा हात जास्त होता.

कोंबडीचं अंग मुळात 41 डिग्रीच्या आसपास गरम असतं, पिसं फुगवून बसली की ती थंडी बऱ्यापैकी सोसते. पण श्वासातून आणि शिटेतून रात्रभर वाफ निघते, तिला बाहेर जायला जागा नसली की ती तुऱ्यावर बसून गोठते.

तर पहिलं काम, ऑक्टोबरातच करा. छपराच्या खाली, कोंबड्यांच्या डोक्याच्या बऱ्यापैकी वर, समोरासमोर झरोके ठेवा आणि त्यांना अर्ध्या इंचाची मजबूत जाळी लावा, नाहीतर रॅकून, म्हणजे इथले कोंबड्या पळवणारे रानटी प्राणी, आहेतच टपलेले. खालच्या फटी मात्र बुजवा, बसल्या जागी झोत लागता कामा नये. सकाळी दार उघडल्यावर काचेला आतून बर्फ दिसला किंवा अमोनियाने डोळे चुरचुरले तर झरोके कमी पडतायत.

दुसरं, बसायची दांडी. गोल नको, 2 बाय 4 इंची फळी रुंद बाजू वर करून बसवा, म्हणजे बोटं पूर्ण पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

खाली लाकडाचा भुसा सहा इंच तरी पसरा. हिवाळाभर पूर्ण साफ करायची गरज नाही, अधूनमधून उलथा आणि वर नवीन टाका, खालचा थर कुजताना थोडी ऊबही देतो आणि वसंतात बागेला खत मिळतं. ओला झालेला भाग मात्र लगेच काढायचा.

हीट लॅम्प लावू नका. भुसा, धूळ, पिसं आणि वर तापलेला बल्ब, एकदा पडला की खुराडं गेलं, आणि त्यात लाईट गेली तर सवय मोडलेल्या कोंबड्यांना एकदम गारठा बसतो तो वेगळाच. वीज वापरायचीच तर पाण्याच्या भांड्याखालच्या हीटरला वापरा. पाणी गोठलं की त्या खाणंही कमी करतात. भांडं शक्यतो खुराड्याबाहेर, आडोशाला ठेवा, आत सांडलं की परत ओल.

लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, नेहमीचंच, फक्त संध्याकाळी मूठभर मक्याचा भरडा द्या, रात्री पचताना ऊब राहते. बर्फावर त्या पाय ठेवत नाहीत, चक्क दारात उभ्या राहून आपल्याकडे बघतात, त्यामुळे अंगणात गवताचा पेंढा पसरा. एक कोबीचा गड्डाही टांगा, कंटाळल्या की एकमेकींची पिसं उपटतात.

डिसेंबरात उजेड नऊ तासांपेक्षा कमी, अंडी रोडावणारच. टायमरवर बल्ब लावून 14 तास उजेड करता येतो, मी नाही करत, त्यांनाही सुट्टी हवी. जी मिळतात ती दिवसातून दोनदा गोळा करा, गोठून तडकतात.

नवीन घेणार असाल तर छोट्या तुऱ्याच्या जाती बघा, वायनडॉट किंवा कॅनडाची शांतेक्लेर. मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्नचे इथे हाल होतात. आणि तुरा पांढरट पडला तर चोळू नका, शेकोटीजवळही नेऊ नका. कोरड्या, जरा कमी थंड जागेत ठेवा, काळा भाग हळूहळू आपोआप गळतो, सूज किंवा पू दिसला तर डॉक्टर. आमची ती पहिली कोंबडी बोथट तुऱ्याने अजून सगळ्यांवर दादागिरी करते.