दोन हातांचा रॉड घेताय? आधी दोर ठरवा

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला नोकरीसाठी आलेली आणि लहानपणी कोकणात गरवलेली मंडळी डी नदीवर दोन्ही हातांनी लांबलचक रॉड, म्हणजे गळाची काठी, फिरवणारे लोक बघतात, आणि मग माझा फोन वाजतो. "काका, सामन माशासाठी कुठला रॉड घेऊ? पंधरा फुटी चांगला ना?" माझा उलट प्रश्न ठरलेला: कुठली नदी, कुठला महिना, आणि उभं राहाल तिथे पाठीमागे काय आहे?

पाठीमागचं आधी बघायचं. स्पे नदीच्या काठी झाडी आणि उंच दरडी, दोर डोक्यावरून मागे टाकायला जागाच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे निराळी पद्धत रुळली: दोराचं टोक पाण्यावर टेकवायचं, उरलेल्या दोराचा मागे इंग्रजी 'डी'सारखा बाक काढायचा आणि तिथूनच पुढे झोकायचा. स्पे कास्ट म्हणतात तो हाच. दोराचं पुढचं वजनदार अंग म्हणजे हेड. ते किती लांब नि किती जड, यावर शैली ठरते आणि शैलीवर रॉड. दुकानात लोक नेमके उलट जातात.

जुन्या स्कॉटिश पद्धतीत हेड साठ फुटांच्या पुढे. एवढा दोर पाण्यावरून उचलायचा तर रॉड 15 फुटी हवा, टेसारख्या रुंद नदीवर 16 फुटीही चालतो, आणि तो पार मुठीपर्यंत वाकणारा हवा. दिसायला याच्याइतकं देखणं काही नाही. पण महिन्यातून एखादा शनिवार मिळणाऱ्याने याच्या नादी लागू नये; हात बसेपर्यंत हंगाम सरतो.

स्कँडी, म्हणजे स्वीडनच्या योरान आंदेर्सोन यांनी नावारूपाला आणलेली अंडरहँड पद्धत, मला स्वतःला सर्वांत आवडते. हेड 30 ते 40 फूट, पुढे लांब लीडर, म्हणजे दोराच्या टोकाला बांधलेला बारीक धागा. रॉड 12 ते 14 फूट, टोकाकडे वाकणारा आणि झटकन सरळ होणारा. इथे जोर खालच्या हाताचा. वरचा हात नुसता टेकू देतो, खालचा हात मूठ पोटाशी खेचतो. वरच्या हाताने ढकलायची सवय असेल तर दोर लगेच चुगली करतो: पुढे जाणारा त्याचा वळसा (लूप) रुंद होतो आणि लीडर ढीग होऊन पडतो. उन्हाळ्यात डीचं पाणी उतरतं, तळातले गोटे दिसतात. तेव्हा बारीक फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं नकली आमिष, अलगद पडायला हवी, आणि ती या पद्धतीत पडते.

तिसरी पद्धत स्कॅजिट. ती आली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून, स्टीलहेड नावाच्या ट्राउट माशाच्या नद्यांवरून. हेड 20 ते 25 फुटांचं, आखूड नि जाड, पुढे बुडणारी टिप, म्हणजे दोराचा पाण्यात बुडणारा तुकडा. फेब्रुवारी-मार्चच्या गार पाण्यात जड फ्लाय खोल न्यायची असेल तर ही घ्या. दोर पाण्यावर क्षणभर विसावतो आणि पाण्याची पकडच रॉड वाकवते, म्हणून 11 ते 13 फुटी, संथ, खोलवर वाकणारा रॉड लागतो. कडक रॉडवर हे हेड नुसतं धपकन आदळतं.

आता नंबर, म्हणजे दोराच्या वजनाची श्रेणी. एका हाताच्या 8 नंबर दोराच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेन. दोन हातांच्या 8 नंबर रॉडला 500 च्या वर लागतात. (पंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम.) त्याच रॉडवर स्कॅजिटचं हेड स्कँडीपेक्षा सहसा आणखी जड घेतात. म्हणून दुकानदाराला नंबर नाही, ग्रेन विचारा. काही रॉडवर तो पल्ला मुठीच्या वर छापलेलाच असतो.

पहिलाच रॉड असेल तर माझं मत सरळ आहे: 13 फुटी, 8 नंबर, मध्यम वाकाचा. स्कँडी उत्तम चालेल, हेड बदललंत तर स्कॅजिटही निभेल. अकरा फुटी स्विच रॉड, म्हणजे एका किंवा दोन्ही हातांनी चालणारा, लहान नद्यांना ठीक. मोठ्या सामनला नको.

दुकानात रॉड हलवून काही कळत नाही. हिरवळीवरही नाही, कारण गवत दोराला पाण्यासारखं धरत नाही. नदीवर न्या, आपलं रील लावून. वरचा हात जिथे धरता तिथे बोटावर रॉड तोलून बघा. टोक खाली झुकत असेल तर रील हलकं आहे, संध्याकाळपर्यंत मनगट भरून येईल. मग दोन्ही खांद्यांवरून टाका. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर डबल स्पे, प्रवाहाविरुद्ध असेल तर सिंगल स्पे; हे स्पे कास्टचेच दोन प्रकार. बाक नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर गळ कानात. डावीकडून टाकताना रॉड ओझं वाटला तर एक फूट कमीचा घ्या.

आणि घरी आणल्यावर सगळ्या जोडांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. स्पे कास्टमध्ये रॉडला पीळ बसतो, जोड सैल होतात, आणि सैल जोडावरच रॉड मोडतो.