मुलांसाठी फँटसी लिहून स्वतःच पुस्तक काढायचंय त्यांच्यासाठी

मी आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी फँटसी लिहिते आणि पुस्तकं स्वतःच काढते. प्रकाशक नाही, एजंट नाही, एडिटर आणि चित्रकार मी पैसे देऊन नेमते आणि बाकी सगळं माझ्याकडे. नवीन लिहिणारे विचारतात सुरुवात कुठून करू, तेव्हा मी आधी एकच सांगते की सेल्फ पब्लिशिंगबद्दल जे सल्ले सगळीकडे मिळतात ते बहुतेक मोठ्यांसाठी रोमान्स नाहीतर थ्रिलर लिहिणाऱ्यांचे असतात. भराभर पुस्तकं काढा, इबुक स्वस्त ठेवा, जाहिरात लावा, वाचक क्लिक करून घेईल. त्यांच्या बाबतीत ते खरंच चालतं. पण नऊ वर्षांच्या मुलाकडे कार्ड नसतं, खातं नसतं, बऱ्याचदा फोनही नसतो. वाचणार मूल, आणि निवडणार, पैसे देणार, कित्येकदा शेजारी बसून मोठ्यांदा वाचून दाखवणार कुणीतरी मोठं माणूस, म्हणजे आईबाबा, आजी, शिक्षक, लायब्ररीतल्या बाई. आपलं सगळं काम या एका गोष्टीवरून ठरतं. माझा नियम असा की लिहिताना फक्त मुलाकडे बघायचं आणि पुस्तक तयार झालं की मगच मोठ्यांकडे वळायचं. लिहितानाच आईबाबा डोळ्यासमोर आले तर दर दुसऱ्या पानावर कुणीतरी म्हातारा जादूगार शिकवण द्यायला लागतो आणि मूल तिथेच पुस्तक मिटतं.

आता लिहिण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. फँटसीत वाट्टेल ते घडू शकतं असं बाहेरच्यांना वाटतं, पण मुलं याच्या नेमकी उलट असतात. जादूचे नियम ती वकिलासारखी तपासतात. तिसऱ्या प्रकरणात दार फक्त रात्री उघडतं असं तुम्ही लिहिलं आणि अकराव्यात ते दुपारी उघडलं, तर मोठा वाचक सोडून देईल, मूल सोडणार नाही. म्हणून मी पहिला ड्राफ्ट लिहायच्या आधी जादू काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही ते ठरवते, आणि ती वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं तेही. किंमत नसलेली जादू असेल तर संकट टिकत नाही, कारण दर वेळी वाचक विचारणारच की मग आधीच का नाही वापरली. आणि शेवट मुलानेच केला पाहिजे. शहाणी मोठी पात्रं असू देत, प्रेमळ असू देत, पण ऐन वेळी ती तिथे नसावीत किंवा त्यांचे हात बांधलेले असावेत. सगळं निस्तरायला आजोबा आले की पुस्तक आजोबांचं होतं.

एक जगाची वही ठेवा. कागदाची ठेवा नाहीतर फाइल, पण ठेवाच. नावं, कुणाच्या डोळ्यांचा रंग काय, कुठून कुठे चालत जायला किती दिवस, कोणत्या ऋतूत काय, कोणता नियम कोणत्या प्रकरणात सांगितला. मी नकाशा सुरुवातीलाच काढते, चित्र चांगलं येवो न येवो, कारण एकदा नदी मध्ये आली की पात्रांना ती ओलांडावी लागते आणि अर्धं कथानक तिथूनच सुचतं. सिरीजच्या पहिल्या भागात ही वही जड वाटते, दुसऱ्या भागात तीच वाचवते. नावांबद्दल एवढंच की मोठ्यांदा म्हणून बघा. तीन जोडाक्षरं असलेलं राक्षसाचं नाव कागदावर भारदस्त दिसतं, पण रात्री दमलेला बाबा ते दर पानावर अडखळत वाचणार आहे. प्रकरणाची लांबीही त्याच्याच हिशोबाने, मोठ्यांदा वाचून दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढी, आणि शेवटी पुढे काय होणार अशी ओढ. भीती घालायला घाबरू नका, मुलांना अंधार, हरवणं, मरण हे सगळं पेलतं. पण मूल एकटं पडलंय आणि आता काहीच होऊ शकत नाही अशा जागी प्रकरण संपवायचं मी टाळते, तिथून पुढे एखादी छोटीशी वाट तरी दिसू देते.

लांबीचे आकडे सगळे विचारतात. लहान प्रकरणांची पुस्तकं, म्हणजे सहा ते नऊ वयाची, साधारण ५ ते १५ हजार शब्दांची असतात. आठ ते बारा वयाची कादंबरी ३० ते ५० हजार, फँटसी असेल तर जग उभं करायला जागा लागते म्हणून थोडी वर गेली तरी चालते. पण हे आकडे इंग्रजी पुस्तकांवरून आलेत, मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात त्यामुळे तीच गोष्ट कमी शब्दांत बसते, हे लक्षात ठेवून मोजा. अगदी छोट्यांच्या चित्रपुस्तकाची पानं बहुतेक वेळा ३२ असतात, कारण छपाईचा कागद घडी घालून सोळा-सोळा पानांच्या जुड्या होतात. आणि नायक-नायिकेचं वय वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्त ठेवा, दहा वर्षांच्या मुलीला बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट हवी असते, आठ वर्षांच्या मुलीची नको असते.

ड्राफ्ट झाला की मुलांना वाचून दाखवा. माझ्या मते बाकी कितीही खर्च करा, याची जागा दुसरं काहीच घेत नाही. पण आवडलं का असं विचारू नका, मुलं भिडस्त असतात, हो म्हणतात. त्याऐवजी वाचताना बघत राहा, कुठे चुळबुळ सुरू झाली, कुठे कुणी शेजारच्याशी बोलायला लागलं, कुठे एकदम शांत झाले, आणि पेन्सिलीने तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी त्यांनाच गोष्ट सांगायला लावा. जे पात्र त्यांच्या सांगण्यात आलंच नाही ते बहुधा गोष्टीत नकोच आहे, आणि जिथे ते सांगताना स्वतःच काहीतरी भर घालतात तिथे तुम्ही लिहायला कमी पडलाय असं समजा. स्वतःची मुलं, भाचे यांच्यावर थांबू नका, तुम्हाला न ओळखणारी मुलं हवीत, अर्थात त्यांच्या पालकांची परवानगी घेऊन.

एडिटिंग तीन वेगवेगळी कामं आहेत आणि क्रम बदलू नका. आधी रचनेचं, म्हणजे गोष्ट कुठे ढिली पडते, कुणाचं पात्र अर्धवट राहिलंय. मग वाक्यांचं. आणि मांडणी पूर्ण झाल्यावर शेवटी प्रूफ, म्हणजे राहिलेल्या बारीक चुका. पैसे मोजकेच असतील तर रचनेच्या एडिटरवर आणि कव्हरवर घाला, बाकीचं मेहनतीने भागवता येतं.

कव्हर आणि चित्रं. कव्हर बघून मूल उचलतं आणि मोठं माणूस मागचा मजकूर वाचून ठरवतं, दोघांची सोय बघा. मागे वय स्पष्ट लिहा. पोरगं पुढच्या बाजूला कायतरी करताना दिसू द्या, धुकं आणि लांबवरचा किल्ला मोठ्यांच्या फँटसीला शोभतो. आतली चित्रं मी रेघांची, काळी-पांढरी करून घेते, कारण रंगीत पानं आली की प्रत्येक प्रतीचा छपाईखर्च उडी मारतो आणि कादंबरीला त्याची गरज नसते. छपाईला द्यायची चित्रं ३०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांची हवीत, स्क्रीनवर सुंदर दिसणारी फाइल कागदावर फाटल्यासारखी येऊ शकते. चित्रकाराशी करार लेखीच करा, अगदी जवळची मैत्रीण असली तरी. पैसे दिले म्हणजे चित्राचे हक्क आपोआप आपले झाले असं बहुतेक देशांत नसतं, म्हणून छापील पुस्तक, इबुक, ऑडिओचं कव्हर, भाषांतरं, पोस्टर, यातलं काय काय चालेल ते नाव घेऊन लिहा, चित्रकाराचं नाव कुठे छापणार तेही, आणि मूळ फाइली मिळणार का तेही. हे आधी बोललं की मैत्रीही टिकते.

कॉपीराइटची काळजी नवीन लोक फार करतात. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातल्या देशांत लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा असतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही, पण तो मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. उडणारी मांजर कुणाच्याही मालकीची होत नाही. लोककथांमधून घ्यायचं तर मूळ कथा सगळ्यांची असते, पण एखाद्या आजच्या लेखकाने ती स्वतःच्या शब्दांत सांगितलेली असेल तर ते शब्द त्याचे.

आता छपाई. मोठ्यांचं इबुक चालतं, मुलांचं मुख्यतः छापील पुस्तक चालतं, भेट म्हणून, शाळेत, लायब्ररीत, झोपताना. त्यामुळे इबुक काढा जरूर, पण भरवसा कागदावर ठेवा. दोन रस्ते आहेत. प्रिंट ऑन डिमांडमध्ये ऑर्डर आली की एकेक प्रत छापली जाते, घरात गठ्ठे साठत नाहीत, चूक दिसली तर फाइल बदलता येते, पण प्रतीमागे खर्च जास्त. ऑफसेटमध्ये, म्हणजे एकदम गठ्ठ्याने छापायच्या पद्धतीत, प्रत स्वस्त पडते, पण शेकड्यांनी छापावी लागते आणि ती विकायची जबाबदारी तुमच्यावर. पहिल्या पुस्तकाला मी प्रिंट ऑन डिमांडच सांगेन. अशी छपाई करून देणाऱ्यांत अॅमेझॉन केडीपी आणि इन्ग्रामस्पार्क ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात, तुमच्या भाषेत आणि तुमच्या देशात छापील प्रत कुठून मिळते ते दोन्हीकडे आधी बघून घ्या. केडीपी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट देतं पण तो दुसरीकडे वापरता येत नाही, म्हणून जमलं तर स्वतःचा घ्या, आणि छापील, इबुक प्रत्येकाला वेगळा लागतो. केडीपी सिलेक्टला, म्हणजे इबुक फक्त अॅमेझॉनवर विकायच्या योजनेला, हो म्हणालात तर ते इबुक ९० दिवस दुसऱ्या दुकानांत विकता येत नाही, म्हणून मी त्यात जात नाही. कण्यावर नाव हवं असेल तर केडीपीत पुस्तक ७९ पानांपेक्षा जास्त लागतं. दुकानदाराला छापील किमतीवर साधारण ४० टक्क्यांच्या आसपास सूट अपेक्षित असते, किंमत ठरवताना हे धरूनच चला, नाहीतर पुस्तक दुकानात गेलं की तुम्ही खिशातून भरताय. देवनागरीत लिहीत असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, जुन्या फाँटमधली फाइल इबुक करताना अक्षरं मोडतात आणि सगळं पुन्हा तपासत बसावं लागतं.

एक सावधगिरी. तुमचं पुस्तक निवडलंय असं कळवून लगेच पॅकेजचे पैसे मागणारे, इतक्या प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणणारे आणि वर हक्कही लिहून घेणारे भेटतील. सेवा देणारा पैसे घेतो, त्यात गैर काही नाही, पण मग हक्क आणि फाइली तुमच्याकडेच राहिल्या पाहिजेत. पैसेही तुमचे आणि हक्कही त्यांचे, असा कागद आला तर सही करू नका.

विक्रीबद्दल माझा अनुभव असा की जाहिरातीपेक्षा शाळा आणि लायब्ररीतल्या भेटी पुस्तक पुढे नेतात. तासभर मिळाला तर वाचन पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नका, बाकी वेळ मुलांबरोबर एखादी जादू बनवा, तिचा नियम, तिची किंमत, ती कुणाच्या हातात पडली तर वाईट. वर्ग नुसता उसळतो आणि शिक्षकांनाही लेखनाचा तास मिळतो. पुस्तकाची माहिती पालकांकडे आधी जाऊ द्या, म्हणजे ज्यांना घ्यायचंय ते ठरवून येतात आणि ज्याला परवडत नाही त्या मुलाला सगळ्यांसमोर ओशाळं व्हावं लागत नाही. एक-दोन प्रती वर्गासाठी ठेवून या. आणि मानधन मागायला लाजू नका, तयारीला वेळ जातो, ते काम आहे.

मेलची यादी करायची तर पालकांची आणि शिक्षकांचीच करा. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय ऑनलाइन गोळा करता येत नाही, युरोपात ही वयोमर्यादा देशानुसार १३ ते १६ आहे, इतर ठिकाणी आणखी वेगळी, तेव्हा मुलांकडून थेट पत्ते घेऊच नका. मूल पत्र लिहील तर उत्तर पालकांच्या पत्त्यावर द्या, पण द्या नक्की. मुलांचे फोटो टाकू नका. रिव्ह्यू घरच्यांकडून लिहून घेऊ नका, अॅमेझॉनला ते चालत नाही आणि काढून टाकतं.

पैसे हळू येतात, त्यामुळे नोकरी किंवा दुसरं काम चालू ठेवूनच हे करा, मी तसंच करते, सकाळी लिहिते आणि मग कामाला जाते. पण या लेखनाचा एक मोठा फायदा आहे जो मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांना सहसा मिळत नाही. त्याआधी अडचण सांगते, तुमचा वाचक वाढत जातो आणि निघून जातो, आज नऊचा असलेला मुलगा तीन वर्षांनी बाराचा होतो आणि त्याला दुसरं काही हवं असतं, म्हणून सिरीजचे भाग फार लांबवू नका, वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने आले तर तोच मुलगा शेवटापर्यंत पोचतो. पण दर वर्षी नवीन नऊ वर्षांची मुलं येतात आणि त्यांच्यासाठी तुमचं पहिलं पुस्तक अगदी नवीन असतं. म्हणून पहिला भाग कधीही बाजारातून काढू नका, नवीन भाग आला की पहिल्याच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव घाला, फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवा, आणि शाळेत जाताना पिशवीत सगळ्यात जास्त प्रती पहिल्या भागाच्याच न्या.