कॉलेजचा कबड्डी संघ बांधताना: जुलैपासून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत

मराठवाड्यातल्या कॉलेजांना चढाईपटू, म्हणजे समोरच्या भागात शिरून गडी बाद करणारे, सहसा शोधत फिरावं लागत नाही. गावच्या मैदानावर तयार झालेले दोन-तीन चांगले गडी दरवर्षी प्रवेश घेतातच. तयार मिळत नाही ती पकड, म्हणजे आत आलेल्या चढाईपटूला धरून ठेवणं. कोपरारक्षक (टोकाला उभा राहणारा बचावपटू) आणि शेजारचा मध्यरक्षक एकमेकांच्या वेळेवर झेपावायला लागेपर्यंत दोन महिने तरी जातात. त्यात आंतरमहाविद्यालयीन सामने बहुतेक बाद पद्धतीचे, म्हणजे एक हरला की वर्ष संपलं. त्यामुळे जुलैतच सुरुवात करा आणि सरावाचा मोठा वाटा पकडीला द्या.

पहिलं काम मैदानाचं. आपली काळी माती पावसात चिखल धरते आणि उघडीप पडली की भेगाळते. घोटा मुरगळतो तो त्या भेगेतच. नुसती वरून माती टाकून भागत नाही, कारण खालची काळी माती फुगून वर येते. १५ बाय १२ मीटर जागा २५ सेंटीमीटर खोदा. तळाला १५ सेंटीमीटर मुरूम पाणी मारून दाबा आणि त्यावर चाळलेली लाल माती, थोडी वाळू आणि कुजलेलं शेणखत यांचा १० सेंटीमीटरचा थर द्या. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून हिशेबाने साडेनऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) येत असला तरी बारा ब्रास मागवा. वरच्या थराला सात-आठ ब्रास लागतात. उताराच्या बाजूला चर काढायला विसरू नका, नाहीतर ऑगस्टभर सराव बंद राहील.

मुलांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यात दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी धरलेली असते. मध्यरेषेपासून निदान रेषा (कोणाला न शिवता परतायचं तर चढाईपटूने ओलांडायची रेषा) ३.७५ मीटरवर, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा, जी ओलांडून परतलं की जादा गुण. मुलींसाठी १२ बाय ८, निदान रेषा ३ मीटरवर आणि बोनस ४ मीटरवर. रेषा रांगोळीने मारा. चुना नको, पकडीत तोंड जमिनीला लागतं आणि चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

कागदपत्रं जुलैतच गोळा करा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली, तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचूनच पात्रता फॉर्म भरा. दहावी-बारावीची गुणपत्रिका, बोनाफाईड, आधार आणि फोटो लागतातच. सगळ्यांत जास्त अडतं ते नावावर: दहावीला आडनाव आधी, आधारवर नंतर, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. हे मैदानावर, सामन्याच्या सकाळी दुरुस्त होत नाही. शिक्षणात खंड असलेल्या मुलाचं प्रकरण आधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून तपासून घ्या. वजनाची अटही तिथेच कळेल.

आता पकड. संघ बारा जणांचा, मैदानात सात. बारामध्ये दोन डावे आणि दोन उजवे कोपरारक्षक हवेतच. याचं कारण पुढे येईल. पहिले तीन आठवडे अर्ध्या मैदानात फक्त एक कोपरा, एक मध्यरक्षक आणि एक चढाईपटू ठेवा. चढाईपटूने बोनसला जायचं. नवखा कोपरारक्षक पाय पुढे दिसला की झेपावतो. त्या क्षणी चढाईपटूचा भार मागच्या पायावर असतो, पुढचा पाय सहज सुटतो आणि गुण जातो. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्यावर अंगाचा भार आला आणि मागचा पाय हवेत गेला, की मगच घोटा धरायचा. तेव्हा पाय मागे ओढायला त्याच्याकडे आधारच नसतो. मध्यरक्षकाने मागून ओढू नये. मध्यरेषेकडचा रस्ता अडवत कमरेवर यावं. तो अर्धा सेकंद उशिरा आला तर पडलेला चढाईपटू हात लांबवून मध्यरेषा गाठतो आणि एकाच्या जागी दोघं बाद होतात. प्रत्येक जोडीला रोज वीस चढाया पुरेत. थकल्यावर केलेली पकड चुकीची सवय लावते.

दुसरी नेहमीची चूक राखीव पट्टीची. झटापट सुरू होण्याआधी तिथे पाय गेला की बचावपटू बाद. गावात रेषेची शिस्त कमी असल्याने कोपऱ्यावरच्या मुलांचा पाय नकळत बाहेर जातो. सरावात एक जण फक्त रेषेवर लक्ष ठेवायला उभा करा.

ऑगस्टअखेर तिघांचा बचाव घ्या. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना झालेली पकड एक गुण जादा देते, आणि लोण (सगळा संघ बाद होणं) वाचवणं म्हणजे समोरच्याचे दोन गुण वाचवणं. सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि बोनसने बाद गडी उठत नाही, म्हणजे मैदानात परत येत नाही, हे चढाईपटूंना पाठ हवं.

सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणी सुरू होते आणि निम्मा संघ शेतात जातो. त्यावर रागावून उपयोग नाही. घरचं वर्षभराचं पीक असतं ते. म्हणूनच प्रत्येक कोपऱ्याला दोन माणसं. नवरात्रात कडक उपास धरणाऱ्यांना प्रत्यक्ष पकडीपासून लांब ठेवा, पावलांचा सराव द्या. त्या दिवसांतलं ऊनही कडक असतं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, मैदानाच्या कडेला तयार ठेवा.

वरच्या फेऱ्या मॅटवर होतात. मातीत पाय घसरतो, मॅटवर चिकटतो. अंग वळतं, पाय वळत नाही आणि गुडघा दुखावतो. स्पर्धेआधी तीन आठवडे जिल्हा क्रीडा संकुलाची मॅट मिळते का ते पाहा आणि मॅटचे बूट तेव्हापासूनच घालायला लावा. कोरे बूट सामन्याच्या दिवशी फोड आणतात.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांनंतर विद्यापीठ संघाची निवड होते, मग शिबिर, पश्चिम विभाग स्पर्धा आणि राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव. बोलावणं बऱ्याचदा एक-दोन दिवस आधी येतं. निवडीच्या शक्यतेतल्या मुलांच्या मूळ कागदपत्रांचा संच आणि चार प्रती आधीच एका फाईलमध्ये लावून ठेवा, आणि परीक्षेच्या तारखा आड येत असतील तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र त्याच आठवड्यात परीक्षा विभागाला द्या.